पंप ॲक्शन बंदुकीत काडतूस नेमकं कुठे अडकतं?

2024 साली पुण्यातल्या शस्त्र परवानाधारकांना एकाच वर्षात दोनदा ठाण्याची वारी घडली. 16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली ती 6 जूनला उठली, आणि दिवाळीच्या तोंडावर विधानसभेची लागली. बंदूक सरसकट सगळ्यांनाच जमा करावी लागत नाही. ते छाननी समिती ठरवते, आणि बँकांच्या पहारेकऱ्यांसारख्या काहींना सूट मिळते. पण ज्यांना नोटीस आली त्यांनी बंदूक नेऊन दिली, पावती घेतली आणि निकालानंतर परत आणली. मग सुरू झाली ती नेहमीची तक्रार: "दुसरं काडतूस वरच येत नाही."

दुनळी वापरणाऱ्याच्या तोंडी ही तक्रार नसते. त्याच्या बंदुकीत वर यायला काही नसतंच, दोन काडतुसं हाताने दोन नळ्यांत ठेवायची की झालं. तक्रार असते ती पंप ॲक्शनवाल्याची, म्हणजे मूठ पुढे-मागे ओढून काडतूस बदलणारी बंदूक ज्याच्याकडे असते त्याची. मुळशी-जुन्नरकडे डुकरांपासून पीक राखायला बंदूक बाळगणारा शेतकरी असो, नाहीतर एटीएमच्या गाडीबरोबर फिरणारा माजी सैनिक गनमॅन असो, कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: "स्प्रिंग गेली असणार." स्प्रिंग बिचारी दिसत नाही, म्हणून सगळा दोष तिच्यावर टाकणं सोपं जातं. माझं मत असं की स्प्रिंगचा नंबर यादीत बराच खाली आहे. तिच्या आधी हात, मळ आणि काडतूस बघायला हवं, आणि याच क्रमाने बघायला हवं.

पुढे जे काही करून बघायचं म्हणून सांगितलंय ते बंदूक रिकामी आहे याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करून, खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, फक्त डमी काडतुसांवर करायचं आहे. डमी म्हणजे दारू आणि ती पेटवणारी बुडाची टोपी (प्रायमर) नसलेलं, त्याच मापाचं प्लॅस्टिकचं काडतूस.

आत असतं काय?

पंप ॲक्शनला वरखाली दोन नळ्या दिसतात. वरची खरी बंदुकीची. खालची, थोडी आखूड, ती मॅगझिन नळी. हिच्यात काडतुसं एकामागे एक आडवी झोपलेली असतात. त्यांच्या पुढे फॉलोअर नावाची एक टोपी आणि टोपीच्या पुढे लांबलचक स्प्रिंग. स्प्रिंग टोपीला मागे रेटते, टोपी काडतुसांना रेटते. नळीवर जी मूठ पुढे-मागे सरकते, तोच पंप.

मूठ मागे ओढली की बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा ठोकळा, मागे जातो आणि रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते. त्याच ओढीच्या शेवटाला मॅगझिनमधून एक, फक्त एक, काडतूस मागे निसटून लिफ्टरवर, म्हणजे उचलणाऱ्या पट्टीवर, येतं. मूठ पुढे ढकलली की लिफ्टर त्याला वर उचलतो आणि बोल्ट त्याला चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातल्या काडतुसाच्या जागेत, बसवतो. रचना जुनी आहे. जॉन ब्राउनिंगची विंचेस्टर 1897 सालची, आणि जगात सर्वाधिक खपलेल्या बंदुकांपैकी एक असलेली रेमिंग्टन 870 ही 1950 सालची. आपल्याकडच्या आयुध निर्माणीच्या 12 बोअर पंप ॲक्शनचंही मूळ गणित तेच.

सगळा खेळ एका मिलीमीटरचा

स्प्रिंग तर सगळ्याच काडतुसांना एकदम मागे रेटतेय. मग एका वेळी एकच बाहेर येतं, ते कसं?

गणपतीत दगडूशेठच्या रांगेत उभे राहिला असाल तर हे लगेच कळेल. मागून गर्दीचा रेटा असतोच. पुढे दोन कार्यकर्ते दोरी धरून उभे. पहिला दोरी उचलून एकाला आत सोडतो आणि त्याच क्षणी दुसरा त्याच्या मागच्याच्या आडवा हात घालतो. दोघांचा ताल जमला तर दर्शन सुरळीत चालतं. पहिल्याने उशीर केला तर रांग ठप्प, दुसऱ्याने उशीर केला तर दोघं एकदम आत घुसतात आणि दारातच अडकतात.

बंदुकीत या दोन कार्यकर्त्यांच्या जागी पोलादाचे दोन खटके असतात, रिसीव्हरच्या, म्हणजे नळीमागच्या धातूच्या डब्याच्या, डाव्या-उजव्या भिंतीला चिकटून. इंग्रजी पुस्तिकांत त्यांना शेल लॅच, शेल स्टॉप, इंटरप्टर अशी कंपनीगणिक वेगळी नावं आहेत. आपण खटके म्हणू. ते काडतुसाला बुडाच्या पितळी काठावर अडवतात. 12 बोअरच्या काडतुसाच्या बुडाचा काठ साधारण 22.5 मिलीमीटर रुंद, आणि त्याच्या लगेच वरचं अंग साधारण 20.6. म्हणजे खटक्याला पकडायला प्रत्येक बाजूला जेमतेम एक मिलीमीटर मिळतो. त्या मिलीमीटरवर वाळलेलं ग्रीस बसलं, गंजाचा पापुद्रा आला किंवा काठच दबलेला असला की ताल बिघडतो.

हे कानांनीही कळतं. डमी काडतूस अंगठ्याने मॅगझिनमध्ये पूर्ण ढकला. शेवटी 'टक्' असा बारीक, कोरडा आवाज यायला हवा. काठ पुढे सरकला आणि खटका त्याच्या मागे उडी मारून बसला, त्याचा तो आवाज. तो आला नाही, नुसतं मऊसर काहीतरी जाणवलं, आणि अंगठा काढताच काडतूस परत लिफ्टरवर घसरलं, तर स्प्रिंग बदलायला धावू नका. स्प्रिंगनेच तर त्याला मागे रेटलं. थकलाय तो खटका, किंवा त्याच्या खाली मळ साचलाय.

आधी मोजा: कितवं अडकलं?

डॉक्टर जसा "दुखतं कधी?" म्हणून विचारतो तसा बंदूक दुरुस्त करणारा चांगला कारागीर "कितवं अडकलं?" हे विचारतो. चार डमी भरून, चारही सावकाश आणि मग नेहमीच्या वेगाने पंप करून बघा.

नेहमी शेवटचंच आळसत येत असेल, तर संशय स्प्रिंगवर. स्प्रिंग जितकी दाबलेली तितका तिचा जोर जास्त. नळी भरलेली असताना म्हातारी स्प्रिंगसुद्धा तरुण वाटते. नळी रिकामी होत आली की ती जवळजवळ पूर्ण सैल झालेली असते आणि तिचं खरं वय तेव्हा कळतं.

उलट, नळी काठोकाठ भरलेली असताना पहिलंच अडत असेल आणि पुढची सुरळीत येत असतील, तर जोर कमी नसून घर्षण जास्त आहे. भरलेल्या नळीत सगळ्यात जास्त रेटा खटक्यावर असतो. कोरडा किंवा मळकट खटका त्या रेट्याखाली हलायलाच तयार नसतो.

कितीही भरली तरी अडकणं नळीच्या एकाच जागी होत असेल तर नळीला पोचा आहे. मॅगझिन नळीचा पत्रा पातळ असतो. गाडीच्या दारात एकदा सापडली तरी पुरे. बाहेरून नुसता नखाला लागेल एवढा खळगा आतून काडतुसाला घासतो.

आणि कधी हे, कधी ते, काहीच नेम नाही असं असेल तर काडतूस किंवा हात. बहुतेक वेळा हातच.

एक गोष्ट वेगळी काढायला हवी. रिकामी पुंगळीच चेंबरमध्ये रुतून बसली आणि नवं काडतूस तिच्यावर आदळलं, तर मॅगझिन निर्दोष आहे. चेंबरमध्ये गंज किंवा वितळलेल्या प्लॅस्टिकचा थर असेल, किंवा पुंगळी ओढणारा एक्स्ट्रॅक्टर झिजला असेल. लोक त्यालाही 'फीड होत नाही' म्हणतात आणि दुरुस्ती भलत्याच ठिकाणी सुरू होते.

हाताचा दोष

हे ऐकायला कुणालाच आवडत नाही. मूठ पूर्ण मागे, अगदी ठोकर लागेपर्यंत ओढली नाही तर पहिला खटका उघडतच नाही, कारण तो उघडायची वेळ ओढीच्या अगदी शेवटी येते. तिथपर्यंत न जाता मूठ पुढे ढकलली की चेंबर रिकामं राहतं. कधी पुंगळीही पूर्ण बाहेर पडलेली नसते आणि बोल्ट तिला आडवी चिमटतो. घाईत, बसून किंवा जाड कपडे घालून मारताना हे हमखास होतं. उंची कमी आणि दस्ता लांब असेल तर आणखीच, मूठ हातात नीट येतच नाही.

दुनळीवरून पंपाकडे आलेल्या माणसाची आणखी एक सवय असते. तो पंप हळुवार चालवतो, महाग वस्तू म्हणून. या बंदुकीला तो हळुवारपणा मानवत नाही. मूठ ठामपणे मागे, ठामपणे पुढे. पन्नासेक वेळा डमीवर केलं की हाताला आपोआप कळतं. पैसे शून्य लागतात, म्हणून हा उपाय सगळ्यात आधी.

तेल जास्त, काम कमी

महिनोन्महिने पडून राहणार म्हणून जमा करण्याआधी लोक बंदुकीला भरपूर तेल पाजतात. नळीला बाहेरून पातळ हात फिरवणं योग्यच, पुण्याच्या पावसाळ्यात ते हवंच. पण मॅगझिन नळीच्या आत तेल ओतणं हा उलटा उद्योग आहे. तिथे तेल धूळ धरतं, बारुदाची काजळी धरतं, आणि उन्हाळाभर उभं राहून त्याचा तपकिरी, मधासारखा चिकट राप होतो. टोपी त्यात रेंगाळते. शिवाय पातळ तेल काडतुसाच्या बुडातून आत झिरपलं तर काडतूसच फुसकं निघू शकतं.

नळी आतून स्वच्छ आणि जवळजवळ कोरडी हवी. पुढचं झाकण काढून स्प्रिंग आणि टोपी बाहेर घ्यायची, रॉडला फडकं गुंडाळून नळी पुसायची, फडकं पांढरं निघेपर्यंत. स्प्रिंग पुसून तेलाचा अगदी पुसट हात द्यायचा. खटक्यांच्या मागे दातांच्या जुन्या ब्रशने मळ काढायचा आणि तिथे एकेक थेंब पुरे. झाकण उघडताना तोंड बाजूला ठेवा. दाबलेली स्प्रिंग सुटली की ती थेट डोळ्यांच्या दिशेने येते, आणि पुस्तिकेत लिहिलेलं असूनही लोक नळीत डोकावतातच. काही बंदुकांत झाकणाखाली स्प्रिंग धरून ठेवणारी वेगळी चकती असते. ती कशी काढायची ते आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत बघूनच करा.

टोपीही हातात आलीच आहे तर बघून घ्या. काठावर ओरखडे, किंवा नळीत घालून हलवल्यावर ती कलंडते का? आखूड आणि झिजलेली टोपी तिरकी होते आणि भिंतीला दात लावून बसते. लांब अंगाची टोपी सरळ राहते.

काडतूस सगळं सारखंच ना?

नाही. पुण्याला हे सांगायला नको खरं तर. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासून इथेच आहे आणि बुडावर केएफ असा शिक्का असलेली 12 बोअरची काडतुसं तिथलीच. पण दुकानातून आणताना किती जण लांबी वाचतात?

65 मिलीमीटर, 70 मिलीमीटर, 76 मिलीमीटर असे आकडे डब्यावर असतात. ही लांबी पुंगळी उडाल्यानंतरची, तोंड उघडल्यावरची. भरलेलं काडतूस त्याहून बरंच आखूड असतं. यातूनच मोठी फसगत होते. 70 चं काडतूस 65 च्या चेंबरमध्ये आरामात बसतं, पण उडताना त्याच्या तोंडाला उघडायला जागा मिळत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. चेंबरची लांबी नळीवर कोरलेली असते, ती आधी वाचा. हा प्रश्न अडकण्याचा नसून जिवाचा आहे.

फीडिंगच्या बाजूने बघितलं तर लिफ्टर आणि खटके ठरावीक लांबीसाठी बनवलेले असतात. फार आखूड काडतूस लिफ्टरवर नीट बसत नाही, मागेपुढे घसरतं, उचलताना आडवं होतं. वेगवेगळ्या लांबीची काडतुसं एकाच नळीत मिसळणं म्हणजे दुखणं विकत घेणं. ओल लागून फुगलेलं, काठ चेपलेलं, बुडाला हिरवट गंज आलेलं काडतूस बाजूला काढा, ते वापरायचंच नाही.

वजनाचाही परिणाम होतो. एक काडतूस साधारण 40 ते 50 ग्रॅमचं. बार उडाला की बंदूक मागे झटकते, पण नळीतली काडतुसं जडत्वामुळे जागच्या जागी राहू पाहतात, म्हणजे नळीच्या हिशोबाने पुढे जातात आणि स्प्रिंगला दाबतात. मग स्प्रिंगने त्यांना परत मागे आणायचं, तेही तुम्ही मूठ ओढायच्या आत. नळीचं तोंड खाली करून बांधाखालच्या दिशेने मारत असाल तर वरून गुरुत्वाकर्षणही तिच्या विरोधात. चांगल्या स्प्रिंगला हे सहज जमतं, थकलेलीला नाही. घरी टेबलावर सगळं सुरळीत आणि प्रत्यक्षात मात्र अडकतं, याचं हे एक कारण.

"बंदूक भरून ठेवली की स्प्रिंग मरते ना?"

वर्षानुवर्षं ऐकत आलेली समजूत. चांगल्या पोलादाची स्प्रिंग तिच्या मर्यादेत दाबून ठेवली तर सुरुवातीला थोडी बसते आणि मग बराच काळ तशीच राहते. तिला थकवतं ते पुन्हा पुन्हा दाबणं-सोडणं, मर्यादेबाहेर दाबणं आणि गंज.

तरीही भरून ठेवू नका, कारण बळी दुसऱ्याचाच जातो. प्लॅस्टिकची पुंगळी महिनोन्महिने स्प्रिंगच्या रेट्याखाली राहिली की दबते, तिचं अंग फुगतं, तोंडाची घडी बिघडते. अशी ढेरी सुटलेली काडतुसं मग नळीतही घासतात आणि चेंबरमध्येही. घरात भरलेली बंदूक ठेवू नये याची मुख्य कारणं अर्थातच वेगळी आहेत. ती इथे सांगत बसत नाही.

"मग सरळ कडक स्प्रिंगच टाकू की!"

रांगेतला रेटा दुप्पट केला तर दर्शन दुप्पट वेगाने होत नाही. कडक स्प्रिंगमुळे शेवटचं काडतूस अंगठ्याने आत जाता जात नाही, खटक्यावर घर्षण वाढतं आणि दुसरा खटका थोडा जरी मंद असला तरी दोन काडतुसं एकदम बाहेर येतात. लिफ्टरखाली अडकलेलं असं काडतूस काढणं हे महाकटकटीचं काम. स्प्रिंग बदलायचीच तर त्या मॉडेलसाठी बनवलेली, तेवढ्याच जोराची. जुनी स्प्रिंग ओढून लांब करणं हा जुगाड दोन दिवस टिकतो. वेढे कमीजास्त ताणले जातात आणि नळीत वाकडे होतात.

नळी लांबवणाऱ्या जोडणीबद्दलही विचारणा होते. भरवशाच्या दृष्टीने तो तोटाच आहे. सांध्याच्या खाचेत टोपी अडते आणि स्प्रिंगला जास्त अंतर, जास्त वजन ढकलावं लागतं. शेत राखणाऱ्याला किंवा गनमॅनला आहे तेवढ्यात भागतं.

"यूट्यूबवर बघून खटका घासू का?"

नको. दोन कारणं. पहिलं कायद्याचं: शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 नुसार शस्त्राची दुरुस्ती आणि फेरफार यांना वेगळा परवाना लागतो, आणि नळी आखूड करणं वगैरे प्रकार कलम 6 मध्ये येतात. बाळगण्याच्या परवान्यात दुरुस्ती धरलेली नाही. आपलं काम साफसफाईपर्यंत.

दुसरं कारण त्या एका मिलीमीटरचं. खटक्याचं टोक कानशीने जरा जास्त उतरलं तर ते परत वाढत नाही. काही मॉडेलमध्ये खटके रिसीव्हरला ठोकून बसवलेले असतात. ते सैल झाले तर परत नेमक्या जागी ठोकणं हे सरावाच्या हाताचं काम. अमेरिकेतले व्हिडिओ करणारे लोक तिथल्या कायद्यात राहून, तिथे सहज मिळणारे सुटे भाग समोर ठेवून बोलत असतात. इथे एक खटका खराब झाला तर नवा मिळवताना नाकी नऊ येतात.

"एवढं करण्यापेक्षा दुनळीच बरी नाही का?"

बऱ्याच जणांसाठी, हो. ज्याला वर्षातून चारदा डुकरं हाकलायला हवेत बार काढायचा आहे त्याला पंपाची गरजच नाही. बालेवाडीच्या संकुलात सराव केलेल्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला रायफलमध्ये कांस्य जिंकल्यापासून नेमबाजीची चौकशी करणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. ट्रॅप आणि स्कीट या शॉटगनच्या ऑलिंपिक प्रकारांत आंतरराष्ट्रीय नियमांनुसार अर्धस्वयंचलित बंदूक चालते, पण पंप ॲक्शन चालतच नाही. तिथे दुनळीचंच राज्य.

गनमॅनची गोष्ट निराळी. त्याला दोनाहून जास्त काडतुसं हवीत, म्हणून पंप हवा, म्हणून हे सगळं सांभाळणंही आलं.

कारागिराकडे जाण्याची वेळ आलीच तर "अडकते" एवढंच सांगून बंदूक ठेवून येऊ नका. किती भरली होती, कितवं अडकलं, मॅगझिनमध्ये अडलं की लिफ्टरवर की चेंबरच्या तोंडाशी, काडतूस कुठलं आणि किती लांबीचं, हे कागदावर लिहून न्या. ज्या पुंगळ्या अडकल्या त्या फेकू नका, सोबत न्या. काठावरचा ओरखडा बघून कुठे घासतंय याचा अंदाज त्याला बंदूक उघडण्याआधीच येतो. आणि परवान्याची मूळ प्रत बरोबर ठेवा, वाटेत नाकाबंदी असतेच.